गरिबांसाठी नवं गाव वसवणारे बिशप

बलूनमध्ये बसायला तुर्कस्तानातल्या कॅपाडोकियाला जाणारे आपल्याकडचे बरेच पर्यटक कायसेरीच्या विमानतळावर उतरतात. समोर एर्जियेस डोंगर दिसतो, जवळपास चार हजार मीटर उंच, डोक्यावर बर्फ. दोन फोटो होतात आणि गाडी बलूनच्या गावाकडं सुटते. कायसेरीत थांबायचं कुणाच्या मनात येत नाही. हे कायसेरी म्हणजे रोमन काळातलं कैसरिया, कप्पदुकिया म्हणजे आजच्या कॅपाडोकिया प्रांताची राजधानी. (बायबलमध्ये येशूचा प्रेषित पौल याला कैदेत ठेवलं ते कैसरिया पॅलेस्टाईनच्या समुद्रकाठचं. हे वेगळं, पार आत डोंगराळ मुलखातलं.) चौथ्या शतकात इथं बेसिल नावाचे बिशप होऊन गेले. ख्रिस्ती जगात त्यांना ‘थोर बेसिल’ म्हणतात. रोमन कॅथलिक पंचांगात 2 जानेवारी हा त्यांचा दिवस असतो, त्यामुळं वसईच्या चर्चमध्येही नवं वर्ष लागलं की दुसऱ्याच दिवशी त्यांची आठवण निघते.

गरिबांना मदत करणारे संत सगळ्याच धर्मांत भेटतात. बेसिलकडं मी वळलो ते एका वेगळ्या कारणानं. भुकेल्याला भाकरी द्या, हे त्यांनी सांगितलंच. पण गावात धान्य असताना माणसं उपाशी का मरतात, धान्य अडतं कुठं, त्यात कुणाचा फायदा असतो, आणि एकदा वाढून झाल्यावर उद्याचं काय, हे प्रश्नही त्यांनी हिशोबाला बसल्यासारखे सोडवायला घेतले.

आधी थोडं घराण्याविषयी. बेसिल जन्मले 330 च्या सुमाराला, चांगल्या गडगंज घरात. जमिनी इतक्या पसरलेल्या की वडील गेल्यावर आईला तीन वेगवेगळ्या प्रांतांच्या अधिकाऱ्यांकडं सारा भरावा लागे. वडील वक्तृत्वाचे शिक्षक. आजी-आजोबांनी ख्रिस्ती असल्यामुळं छळाच्या काळात काळ्या समुद्राकडच्या पोंतुसच्या रानात सात वर्षं लपून काढलेली. बेसिल शिकायला आधी कॉन्स्टँटिनोपल आणि मग अथेन्सला गेले. तिथं ग्रेगरी नाझियान्झस हा जन्माचा मित्र भेटला. बेसिलविषयी आज जे कळतं त्यातलं पुष्कळसं या मित्रानं केलेल्या मृत्युलेखवजा भाषणातून कळतं. म्हणजे थोडं हातचं राखून वाचायचं, पण टाकून द्यायचं नाही.

अथेन्सहून परतलेले बेसिल विद्येनं चांगलेच फुगले होते. प्रांतातले मोठे लोक त्यांना आपल्यापुढं काहीच वाटत नव्हते. हे कुणा विरोधकानं नाही, त्यांच्या धाकट्या भावानं, निस्साच्या ग्रेगरीनं, लिहून ठेवलंय. ही हवा काढली थोरल्या बहिणीनं, मॅक्रिनानं. ती घरातच जोगिणीसारखी राहत होती, दासींच्या बरोबरीनं काम करत होती, आपल्या हातानं भाकरी भाजत होती. आणखी एक भाऊ, नॉक्रेशियस, वकिली-वक्तृत्व सोडून नदीकाठच्या रानात गेला होता आणि शिकार करून काही निराधार म्हाताऱ्यांना खाऊ घालत होता. तो तरुणपणीच शिकारीत गेला. गरिबांची सेवा बेसिलनी घरातल्या इतरांपेक्षा उशिरा सुरू केली, असंच म्हणायला हवं. पुढं त्यांनी इजिप्त, पॅलेस्टाईन, सीरिया इथल्या बैराग्यांना भेटी दिल्या, काही वर्षं नदीकाठी एकांतात काढली आणि मग कैसरियात पुरोहित झाले.

आता दुष्काळ. साल 369 च्या आसपासचं. हिवाळा कोरडा गेला, बर्फ पडलं नाही, वसंतात पाऊस नाही. बेसिलनी तेव्हा दिलेलं प्रवचन शिल्लक आहे. आभाळ उघडंबोडकं, जमिनीला भेगा, ज्या नद्यांना कधी उतार नव्हता त्यांतून पायी चालत जाणारी माणसं. शेतकरी वाफ्यात बसून गुडघ्याला मिठी मारून सुकल्या रोपांकडं बघतोय आणि मेलेल्या लेकरासाठी रडावं तसा रडतोय. भुकेनं शरीराचं काय होतं तेही ते एखाद्या वैद्यासारखं सांगतात. कातडी कोळ्याच्या जाळ्यासारखी हाडांना चिकटते, रंग काळानिळा पडतो, गुडघे भार घेत नाहीत, आवाज बारीक होतो आणि डोळे खोबणीत असे सुकून बसतात जसा कवचात वाळलेला अक्रोडाचा गर. हे ऐकीव वर्णन वाटत नाही. हा माणूस जवळ जाऊन बघून आलाय.

त्याच प्रवचनात एक चिमटा आहे. पावसासाठी प्रार्थना ठेवली, तर मोठी माणसं बाजारात आपापल्या व्यवहाराला गेलेली आणि चर्चमध्ये पाठवली शाळेतली पोरं. पोरं खूश, कारण पाट्या टाकून आयतीच सुट्टी मिळाली. बेसिल म्हणतात, पाप तुमचं आणि क्षमा मागायला ही लेकरं! लहान मुलांना त्यातलं काय कळतंय? मोठ्यांनी यायला हवं होतं.

धान्य अडलं कुठं? याचं उत्तर मित्र ग्रेगरीनं, नाझियान्झसच्या, दोन वाक्यांत दिलंय. समुद्रकाठच्या गावांवर टंचाई आली तर ती निभावतात, कारण आपल्याकडचं देऊन बाहेरचं आणता येतं. आमच्यासारख्या आतल्या मुलखाला जास्तीचं विकता येत नाही आणि कमी पडलेलं आणताही येत नाही. हे नीट समजून घेण्यासारखं आहे. रोमन काळात गलबतानं माल नेणं स्वस्त आणि बैलगाडीनं नेणं भयंकर महाग. सम्राट डायोक्लेशियनच्या 301 च्या दरपत्रकावरून इतिहासकारांनी हिशोब मांडलाय की भूमध्य समुद्राच्या एका टोकाचा गहू दुसऱ्या टोकाला नेणं, हे तोच गहू गाडीरस्त्यानं सव्वाशे किलोमीटर नेण्यापेक्षा स्वस्त पडे. कैसरियापासून समुद्र दोनशे किलोमीटरपेक्षा लांब आणि मध्ये टॉरस पर्वत. वर गाडी ओढणाऱ्या बैलांनाही चारा लागतो आणि दुष्काळात तो कुठून आणणार? मग बाहेरून धान्य येणार नाही, हे गावातल्या प्रत्येक व्यापाऱ्याला पक्कं ठाऊक. ज्याच्या कोठारात गहू आहे त्याला फक्त थांबायचं असतं. आज विकला तर इतके, महिन्यानं विकला तर त्याच्या कितीतरी पट. ग्रेगरीचा राग निसर्गापेक्षा या थांबण्यावर जास्त आहे.

भाव वाढला की गरिबाकडं विकायला काय उरतं? भांडीकुंडी गेली, मग पोरं. बेसिलच्या एका प्रवचनात एक बाप आहे. घरात काही नाही. कुठलं पोर बाजारात न्यावं याचा तो विचार करतोय. थोरल्याला? तो थोरला आहे, त्याचा मान. धाकट्याला? त्याला अजून काही कळत नाही, त्याचीच दया येते. हा हुबेहूब आईबापांसारखा दिसतो, तो अभ्यासात हुशार आहे. एकालाही विकलं नाही तर सगळेच मरणार. शेवटी रडत एकाला घेऊन निघतो आणि तिथं गिऱ्हाईक किमतीवरून घासाघीस करतं. बेसिल हे दृश्य गरिबांसाठी रंगवत नाहीत. समोर बसलेत ते विकत घेणारे.

याच प्रवचनात त्यांनी बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानातला मूर्ख धनवान घेतलाय. पीक उदंड येतं आणि तो म्हणतो, कोठारं पाडीन, मोठी बांधीन. बेसिल म्हणतात, कोठारंच हवीत ना? मग गरिबांची पोटं आहेत की. माझ्याच मालाचं मी काही करीन, कुणाचं काय घेतलंय, असं म्हणणाऱ्याला त्यांनी नाटकगृहाचा दाखला दिलाय. एक जण आधी येऊन बसतो आणि मग दुसऱ्यांना आतच येऊ देत नाही. सगळ्यांसाठी असलेली जागा, केवळ आधी आला म्हणून, त्याची एकट्याची झाली! मग यादी येते. तुझ्याकडची जास्तीची भाकरी भुकेल्याची, पेटीतला अंगरखा उघड्याचा, कुजत पडलेली पायताणं अनवाण्याची, पुरून ठेवलेली चांदी गरजवंताची. अंगावरचे कपडे ओढून घेणाऱ्याला चोर म्हणतात. उघड्याला कपडे देता येत असून जो देत नाही, त्याला दुसरं काय म्हणायचं?

इथं जरा थांबायला हवं, कारण या ओळींची फार ओढाताण होते. मुद्दा दयेचा नाही. दयेत माझं मी तुला देतो आणि तू आभार मानतोस. बेसिलच्या हिशोबात ते माझं मुळात नव्हतंच. मी कारभारी, आणि कारभाऱ्यानं मालकाचा माल दाबून ठेवला तर त्याला अफरातफर म्हणतात. एवढ्यावरून काही जण त्यांना थेट समाजवादी करून टाकतात. तेही मला पटत नाही. जमिनी काढून घ्या, कायदा करा, असं ते कुठं म्हणत नाहीत. त्यांचा सगळा भरवसा मन वळवण्यावर आणि नरकाच्या भीतीवर. गुलामगिरीसुद्धा त्यांनी चालू दिली. पळून आलेल्या गुलामाला समजावून परत पाठवा, असा त्यांच्या मठांचा नियम होता. तिच्यावर सडकून बोलले ते त्यांचे धाकटे भाऊ, निस्साचे ग्रेगरी.

बोलून थांबले असते तर हा लेख लिहायचं कारण नव्हतं. त्यांनी आपल्या वाटणीची जमीन विकून धान्य घेतलं आणि मग कोठारवाल्यांना सळो की पळो केलं. दारं उघडली तेव्हा सगळ्या उपाशी लोकांना एका जागी गोळा केलं, बायका, पुरुष, म्हातारे, तान्ही मुलं. मोठ्या कढयांत कडधान्याचं घट्ट कढण शिजवलं, जोडीला तिकडच्या गरिबांच्या खाण्यातलं खारवलेलं तोंडीलावणं. स्वतः कमरेला फडकं बांधून नोकरांच्या बरोबरीनं वाढत होते. ज्यूंच्या मुलांनाही त्याच पंगतीत वाढलं, असं धाकट्या भावानं नोंदवलंय. त्या काळातल्या ख्रिस्ती-ज्यू वैराकडं बघता ही छोटी गोष्ट नाही.

दुष्काळ सरला तरी सावकार राहतो. रोमन कायद्यानं पैशावर महिन्याला शेकडा एक, म्हणजे वर्षाला 12 टक्के व्याज चाले. धान्याच्या कर्जाला मात्र सम्राट कॉन्स्टंटाईननं 325 मध्ये जो दर ठरवला तो आपल्या शेतकऱ्याला वेगळा समजावून सांगायला नको. दोन मापं न्या, तीन आणून द्या. म्हणजे चक्क दिढी. त्याच 325 साली निकियात भरलेल्या धर्मसभेनं पुरोहितांना व्याजाचा धंदा करायला बंदी घातली आणि त्यात दिढीचं नाव घेऊन घातली. म्हणजे पुरोहितही दिढीनं धान्य देत होते, हे उघड आहे.

बेसिलनी रंगवलेला सावकार बघण्यासारखा आहे. गरजू दारात आला की हा शपथा घेतो, माझ्याकडंच काही नाही, मीच कुणाकडं मिळतंय का बघतोय. समोरच्यानं व्याजाचं नाव काढलं, तारणाचं काढलं, की कपाळाच्या आठ्या मोडतात. हसू येतं. तुझ्या वडिलांची आणि माझी किती जुनी ओळख! बघू, एका मित्रानं थोडे पैसे ठेवलेत माझ्याकडं, त्याचा दर जास्त आहे, पण तुझ्यासाठी कमी करू. आणि मग कर्जदाराची रात्र. कुत्रं भुंकलं तरी घाम फुटतो, दारावर थाप पडली की हा खाटेखाली. ग्रीकमध्ये व्याजाला आणि पिल्लाला एकच शब्द आहे, त्यावर ते कोटी करतात. ससा एक पिल्लू पाजताना दुसरं जन्माला घालतो, तसं हे व्याज. पैसे हातात पडायच्या आत त्याला पिल्लं झालेली असतात.

370 मध्ये बेसिल बिशप झाले. सम्राट होता व्हॅलेन्स. येशू आणि परमपिता यांचं नातं नेमकं काय, यावर तेव्हा साम्राज्यात उभी फूट पडली होती, आणि सम्राट व बेसिल विरुद्ध बाजूंना होते. तो वाद इथं उलगडत बसलो तर लेखाचं पुस्तक होईल. सम्राटानं मोदेस्तुस नावाच्या बड्या अधिकाऱ्याला बेसिलना वाकवायला पाठवलं. त्यानं ‘बिशप’ म्हणायचीही तसदी न घेता नुसत्या नावानं हाक मारली आणि चार धमक्या दिल्या: जप्ती, हद्दपारी, छळ, मृत्यू. बेसिलचं उत्तर असं होतं की जप्त करायला या चिंध्या आणि थोडी पुस्तकं आहेत. हद्दपार कुठं करणार, सगळी पृथ्वी देवाची. छळाचं म्हणाल तर हे शरीर पहिल्याच फटक्याला संपेल. मरण लवकर आलं तर उपकारच. मोदेस्तुस म्हणाला, माझ्याशी असं आजवर कुणी बोललं नाही. बेसिल म्हणाले, मग तुझी बिशपशी गाठ पडली नसेल.

हा प्रसंग सगळे सांगतात. मला त्यापुढचा भाग जास्त आवडतो. काही काळानं याच मोदेस्तुसला बेसिल पत्रं लिहू लागले. त्यातल्या एकात टॉरसच्या डोंगरातल्या लोखंडवाल्या गावांची गोष्ट आहे. त्यांच्यावरचा लोखंडाचा कर झेपेल इतका करा, म्हणजे लोकांचा जीवही जाणार नाही आणि तुमचा वसूलही बुडणार नाही. भांडण झालं म्हणून दार बंद केलं नाही, कारण त्या दारातून गावकऱ्यांचं काम होणार होतं. सम्राटानंही पुढं बेसिलच्या आश्रयाला असलेल्या आजारी गरिबांसाठी जमिनी इनाम दिल्याची नोंद आहे.

आणि आता ते गाव. कैसरियाच्या वेशीबाहेर बेसिलनी वसवलेल्या या वस्तीला पुढं ‘बेसिलियाद’ असं नाव पडलं. साधारण 372 मधल्या एका पत्रातून तिथं काय काय होतं ते कळतं, आणि ते पत्र लिहायचं कारण म्हणजे चक्क तक्रार. कुणीतरी प्रांताच्या गव्हर्नरचे कान भरले होते की बिशप फार बांधकामं काढतोय. बेसिल विचारतात, यात सरकारचं काय बिघडलं? प्रार्थनामंदिर आहे, राहायची घरं आहेत, वाटसरूंना उतरायला जागा, आजाऱ्यांसाठी खोल्या. परिचारक लागतात, वैद्य लागतात, ओझ्याची जनावरं आणि सोबत करणारी माणसं लागतात. मग त्यांच्यासाठी कारागीर आले, कारागिरांना कामाच्या जागा आल्या. हे सगळं शहराची शोभाच आहे, आणि नाव शेवटी तुमचंच होणार. गव्हर्नरला कसं चुचकारावं हे या बैराग्याला बरोबर कळत होतं.

गरीब-आजाऱ्यांसाठी घर काढणारे बेसिल पहिलेच, हे काही खरं नाही. त्यांचे एके काळचे गुरू, सेबास्तेचे युस्टेथियस, यांनी आधी असं घर काढलं होतं. बेसिलकडं फरक पडला तो पसाऱ्याचा आणि घडीचा. पगारी वैद्य, मठातली माणसं, खेड्यापाड्यांत दुय्यम बिशपांच्या देखरेखीखालची छोटी घरं. त्या घरांना सारामाफी मिळावी म्हणून त्यांनी सरकारी हिशेबनिसांना लिहिलेली पत्रंही आहेत, अगदी कोरडी, कामापुरती: येऊन बघा आणि माफी द्या.

तिथं सगळ्यात जास्त कुणाला जागा मिळाली तर कुष्ठरोग्यांना. मित्र ग्रेगरी लिहितात की ही माणसं घरातून, बाजारातून, पाणवठ्यावरून हाकललेली, चेहऱ्यानं ओळखू येत नाहीत, फक्त नावानं. खानदानी घरातले बेसिल त्यांना मिठी मारत, त्यांचं चुंबन घेत. ग्रेगरींनी या वस्तीला ‘नवं शहर’ म्हटलं आणि बाबिलोनचे तट, पिरॅमिड हे सगळं तिच्यापुढं फिकं ठरवलं.

एक गोष्ट मात्र आजच्या वाचकाला खटकेल. बेसिल सरसकट भीक घालायच्या विरोधात होते. खरा गरजवंत कोण आणि सोंग घेऊन मागणारा कोण हे ओळखायला अनुभव लागतो, तेव्हा देणगी अनुभवी माणसाच्या हाती सोपवा, दिसेल त्या भटक्याला देणं म्हणजे कुत्र्यापुढं टाकणं, असा त्यांच्या शिकवणीचा सूर एका पत्रात येतो. शब्द कठोर आहेत. पण रोज शेकडो माणसांना वाढणाऱ्याचा हिशोब आणि रस्त्यात एकदाच नाणं टाकणाऱ्याचा हिशोब सारखा कसा असेल?

मित्राशीही ते कधी कधी कठोरच वागले. सम्राटानं प्रांताचे दोन तुकडे केल्यावर आपली बाजू धरून ठेवायला माणसं हवीत म्हणून 372 मध्ये त्यांनी ग्रेगरींना सासिमा नावाच्या गावाचा बिशप केलं. गाव कसलं, तिठ्यावरचा गाडीतळ. ग्रेगरींनी त्याचं वर्णन करून ठेवलंय: पाणी नाही, गवत नाही, नुसती धूळ आणि गाड्यांचा खडखडाट. ही जखम त्यांनी शेवटपर्यंत जपली आणि मृत्युलेखाच्या भाषणातही बोलून दाखवली.

प्रकृती कायमची तोळामासा. यकृताचं दुखणं जन्माचं. एका विधवेशी जबरदस्तीनं लग्न करू पाहणाऱ्या सरकारी माणसापासून वाचायला ती चर्चमध्ये आली, बेसिलनी तिला परत दिलं नाही, तेव्हा अधिकाऱ्यानं अंग फाडून काढायची धमकी दिली. बेसिल म्हणाले, बरं होईल, हे यकृत फार छळतंय. तेवढ्यात बातमी फुटली आणि शस्त्रांच्या सरकारी कारखान्यातले लोहार हातातली हत्यारं घेऊन, विणकर बायका मागाच्या काठ्या घेऊन धावून आल्या. शेवटी त्या अधिकाऱ्याला जमावाच्या हातून सोडवलं तेही बेसिलनीच.

परंपरेप्रमाणं 1 जानेवारी 379 ला ते गेले, पन्नाशीही पुरती गाठली नव्हती. अंत्ययात्रेत ज्यू आणि जुन्या देवांचे उपासक ख्रिस्ती लोकांच्या बरोबरीनं रडत होते, आणि गर्दी अशी उसळली की चेंगराचेंगरीत काही माणसं दगावली.

ग्रीक घरांत 1 जानेवारीला अजून त्यांच्या नावाची गोडसर भाकर भाजतात, वासिलोपिता. आत एक नाणं लपवलेलं असतं. यामागची दंतकथा अशी की करापोटी गोळा केलेले दागिने परत द्यायची वेळ आली, पण कुठला कुणाचा ते कळेना, म्हणून बेसिलनी ते भाकरीत घालून वाटले. घरातला कर्ता सुरी घेतो आणि नाव घेऊन तुकडे पाडतो: एक ख्रिस्ताचा, एक घराचा, मग माणसांचे वयाच्या क्रमानं, आणि पुष्कळ घरांत एक दारात येईल त्या गरिबाचा.